स्पर्शपटल मनगटी घड्याळ

वेळ अंकांच्या स्वरूपात दाखविणारे आणि दर्शनी पृष्ठभागाला बोट लावून कार्यान्वित करता येणारे, मनगटावर बांधावयाचे इलेक्ट्रॉनीय घड्याळ. या घड्याळात चावी, काटे व तबकडी नसतात. एरवी त्याचा दर्शनी भाग पुष्कळदा काळ्या आरशासारखा कोरा दिसतो व बोटाचा स्पर्श होताच त्यावर अंक उजळतात. या कोऱ्या, गुळगुळीत रूपामुळेच ते शोभेची वस्तू म्हणून लोकप्रिय झाले आहे. तथापि नित्य वापराच्या दृष्टीने पाहिल्यास त्याचे हे आकर्षण व त्याची मुख्य उणीव या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून उद्‌भवलेल्या आहेत. मनगटावर सामावणाऱ्या लहानशा विद्युत् घटाच्या शक्तीवर अंक अखंड उजळत ठेवणे कठीण असते, हे ते कारण होय. अचूक वेळ मोजण्याचा प्रश्न १९७० च्या सुमारास व्यवहारतः सुटला. मोजलेली वेळ अल्प ऊर्जेत आणि केव्हाही पाहता येईल अशा रीतीने दाखविणे, हा प्रश्न त्यानंतरच्या अर्धशतकाहून अधिक काळ या घड्याळांच्या रचनेवर प्रभाव गाजवीत आला आहे.

या घड्याळांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : (१) प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांनी (विद्युत् प्रवाह जाऊ दिला असता प्रकाश बाहेर टाकणाऱ्या अर्धसंवाहक घटकांनी) अंक दाखविणारी व स्पर्शासाठी काचेखाली एखादाच संवेदनशील बिंदू असणारी स्वस्त घड्याळे. (२) मुख्यतः द्रव-स्फटिक पटलाची किंवा काट्यांची, परंतु काचेच्या निरनिराळ्या भागांना स्पर्श करून निरनिराळी कार्ये करविणारी घड्याळे. (३) संपूर्ण पटल स्पर्शसंवेदी असणारी व वस्तुतः लहान संगणकच असणारी घड्याळे; यांना व्यवहारात ‘स्मार्टवॉच’ म्हणतात. बाह्यतः ही घड्याळे सारखी दिसली, तरी त्यांचे गुणदोष बरेच भिन्न आहेत.

ऐतिहासिक आढावा : झाक व प्येअर क्यूरी या फ्रेंच बंधूंनी १८८० मध्ये दाबविद्युत् परिणामाचा (विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत् भार निर्माण होण्याच्या आविष्काराचा) शोध लावला. या परिणामाच्या उलट क्रियेने क्वॉर्ट्‌झ स्फटिकाला विद्युत् दाब दिल्यास तो कंप पावतो. या तत्त्वावर वॉरन मॅरिसन व जे. डब्ल्यू. हॉर्टन यांनी अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीज या संस्थेत १९२७ मध्ये पहिले क्वॉर्ट्‌झ घड्याळ तयार केले. ते मनगटावर आणण्यास आणखी चार दशके लागली. जपानमधील सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिले क्वॉर्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्याची किंमत ४,५०,००० येन होती व त्यात महिन्याला सु. ५ सेकंदांहून अधिक चूक होत नसे. या घड्याळाला मात्र नेहमीप्रमाणे काटेच होते.

अंक दाखविणारे पहिले इलेक्ट्रॉनीय मनगटी घड्याळ अमेरिकेतील हॅमिल्टन कंपनीने ‘पल्सार’ या नावाने मे १९७० मध्ये जाहीर केले व एप्रिल १९७२ पासून त्याची विक्री सुरू झाली. सोन्याच्या पेटीतील या घड्याळाची किंमत २,१०० डॉलर होती. त्याची गडद लाल काच एरवी कोरी असे. बाजूची कळ दाबली म्हणजे लाल अंक सव्वा सेकंदापुरते उमटत. कळ दाबून धरल्यास सेकंदही दिसत. अंक सतत दाखविल्यास घट थोड्याच वेळात निकामी झाले असते, म्हणून ही योजना करावी लागली होती. परिणामी वेळ पाहण्यास दोन्ही हात लागू लागले. जी क्रिया काट्यांच्या घड्याळात केवळ दृष्टिक्षेपाने होत असे, तीत अशा प्रकारे एक पायरी वाढली. तरीही नवलाईमुळे या घड्याळांना मागणी आली. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने १९७६ मध्ये प्लॅस्टिकच्या पेटीतील असेच घड्याळ २० डॉलरना विकण्यास आरंभ केला व पुढील वर्षी ही किंमत निम्म्यावर आली.

या अडचणीतून मार्ग द्रव स्फटिकांनी काढला. फ्रीड्रिख रायनिट्‌झर यांनी १८८८ मध्ये निरीक्षिलेल्या या पदार्थांचा उपयोग दीर्घकाळ प्रयोगशाळेपुरताच मर्यादित होता. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मार्टिन शाट व व्होल्फगांग हेल्फ्रिख यांनी १९७० मध्ये अत्यल्प विद्युत् दाबावर चालणारे पिळदार रचनेचे द्रव-स्फटिक पटल शोधून काढले. इंग्‍लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य तापमानास टिकाऊ असणारे द्रव स्फटिक तयार केले. सेइकोने १९७३ मध्ये सहा अंकी द्रव-स्फटिक घड्याळ व कॅसिओने १९७४ मध्ये ‘कॅसिओट्रॉन’ हे दिनदर्शिकायुक्त घड्याळ बाजारात आणले. या घड्याळांवर वेळ अहोरात्र दिसत असल्याने प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांची घड्याळे १९७० च्या दशकाच्या अखेरीस जवळजवळ नामशेष झाली. कॅसिओच्या १९८९ मधील ‘एफ-९१ डब्ल्यू’ या प्रतिमानाचे वजन अवघे २१ ग्रॅम असून त्याचा एक घट सु. सात वर्षे टिकतो.

स्पर्शाने यंत्र चालविण्याची कल्पना ई. ए. जॉन्सन यांनी इंग्‍लंडमधील मॉल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये १९६५ मध्ये मांडली. तिचा मूळ हेतू हवाई वाहतुकीच्या नियंत्रणाचे काम सुलभ करणे हा होता. १९८० च्या दशकाच्या मध्यास कॅसिओने, बोटाने काचेवर काढलेले अंक ओळखणारे गणकयुक्त घड्याळ तयार केले. स्विस कंपनी तिसोने १९९९ मध्ये ‘टी-टच’ हे घड्याळ प्रसृत केले. त्याच्या काचेच्या ठरावीक भागांना स्पर्श केला असता काटे होकायंत्राचे वा उंचीमापकाचे कार्य करीत. पूर्ण स्पर्शपटलाची संगणकीय घड्याळे २०१३ नंतर सर्वत्र पसरली. सॅमसंगचे ‘गॅलक्सी गिअर’ २०१३ मध्ये व ॲपल कंपनीचे घड्याळ एप्रिल २०१५ मध्ये विक्रीस आले. दरम्यानच्या काळात पांढरे व निळे प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ स्वस्त झाल्याने, पल्सारप्रमाणेच एरवी कोरी राहणारी परंतु कळीऐवजी स्पर्शाने उजळणारी स्वस्त घड्याळे पुन्हा बाजारात आली.

भारतात हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये जपानी सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोर येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. तिचा भर मुख्यतः चावीच्या घड्याळांवर होता. तमिळनाडूतील होसूर येथे टायटन कंपनीचे क्वॉर्ट्‌झ घड्याळांचे उत्पादन १९८० च्या दशकात सुरू झाल्यावर देशी बाजारपेठेचा कल पालटला. एचएमटीचा घड्याळ-विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला.

कालमापन व अचूकता : घड्याळ काट्यांचे असो, अंकांचे असो वा स्पर्शपटलाचे, त्यातील कालमापनाचा गाभा एकच असतो. क्वॉर्ट्‌झचा नादकाट्याच्या (दोन भुजांच्या चिमट्यासारख्या) आकाराचा काही मिलिमीटर लांबीचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या २ चा पंधरावा घात आहे. संकलित मंडलातील (एकाच लहानशा सिलिकॉन चकतीवर अनेक इलेक्ट्रॉनीय घटक असलेल्या मंडलातील) विभाजक या कंपनसंख्येची पंधरा वेळा निम्म्याने विभागणी करतो व सेकंदाला एक स्पंद मिळतो. हे स्पंद मोजून मिनिटे, तास व दिनांक ठरविले जातात.

सर्वसाधारण क्वॉर्ट्‌झ घड्याळात महिन्याला १५ ते ३० सेकंदांपर्यंत चूक होऊ शकते. १५ सेकंदांची चूक म्हणजे दशलक्षात सु. सहा भाग इतकीच होय. याउलट अत्युत्तम प्रमाणित यांत्रिक घड्याळासही दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट देण्यात येते. स्फटिकाची कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) २५° से. तापमानाच्या आसपास सर्वाधिक असते व त्यापासून दोन्ही दिशांना तापमानातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात ती घटते. त्यामुळे विदर्भातील उन्हाळ्यात ४५° से. तापमानाच्या खोलीत काढून ठेवलेले घड्याळ दिवसाला सु. १·२ सेकंद मागे पडू शकते. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ६०° से. तापमान असल्यास हीच चूक सु. ३·७ सेकंद होते. घड्याळ मनगटावर बांधलेले असताना शरीराच्या उष्णतेमुळे त्याचे तापमान फारसे बदलत नाही. म्हणून नित्य वापरातले घड्याळ पेटीत ठेवलेल्या घड्याळापेक्षा अधिक अचूक चालते.

संगणकीय घड्याळे दूरध्वनीमार्फत वेळोवेळी प्रमाणवेळेशी जुळवून घेतात. त्यांच्या बाबतीत अचूकतेचा प्रश्न उरत नाही. स्वस्त घड्याळातही ही चूक दैनंदिन व्यवहारास बाधक नसते. यास्तव केवळ ‘अचूक’ या जाहिरातीतील विशेषणावरून दोन घड्याळांत निवड करणे व्यर्थ ठरते.

दर्शक पटल : अंक दाखविण्याच्या बहुतेक साध्या घड्याळांत प्रत्येक अंक सात रेषाखंडांनी बनविलेला असतो. सातही रेषाखंड उजळल्यास ८ दिसतो, उभे दोन उजवे रेषाखंड उजळल्यास १ दिसतो. हे रेषाखंड उजळविण्याच्या पद्धतीवर पटलाची वाचनीयता अवलंबून असते.

प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ स्वतः प्रकाश देतात. अंधारात ते उत्तम दिसतात; परंतु दुपारच्या उन्हात सूर्यप्रकाशापुढे ते फिके पडतात व अनेकदा हाताचा आडोसा केल्याखेरीज अंक वाचता येत नाहीत. द्रव-स्फटिक पटल स्वतः प्रकाश देत नाही. दोन ध्रुवणकारी पातळ पापुद्र्यांमध्ये (प्रकाशाला एकाच प्रतलात कंप पावू देणाऱ्या पापुद्र्यांमध्ये) ठेवलेला द्रव स्फटिकाचा थर विद्युत् दाबाने प्रकाशाची वाट मोकळी करतो किंवा अडवितो. बाहेरचा प्रकाश परावर्तित होऊन अंक काळे दिसतात. त्यामुळे ऊन जितके प्रखर तितके ते अधिक स्पष्ट होतात. अंधारात त्याला दिव्याची गरज लागते. तसेच ध्रुवणकारी काचांचा उन्हाळी चष्मा घातलेल्या व्यक्तीस ते विशिष्ट कोनातून पूर्णपणे काळे दिसते.

संगणकीय घड्याळांत बहुधा कार्बनी प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांचे पटल असते. ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून ते विकसित झाले. त्यातील काळा बिंदू मुळीच ऊर्जा घेत नाही; म्हणून या घड्याळांची पार्श्वभूमी प्रायः काळी ठेवतात. एकच चित्र फार काळ उजळत राहिल्यास त्याची पुसट छाया पटलावर कायमची उमटण्याचा संभव असतो. मनगट उचलल्याचे त्वरणमापकाने (वेगातील बदल मोजणाऱ्या संवेदकाने) ओळखून पटल आपोआप उजळण्याची सोय यांत असते. काही प्रतिमानांत २०१९ पासून पटल मंद प्रकाशात व सेकंदाला एकदाच चित्र बदलून अखंड चालू ठेवण्यात येते. द्रव-स्फटिक घड्याळाने १९७३ मध्ये साधलेली ‘केव्हाही पाहता येणारी वेळ’ अशा प्रकारे अधिक गुंतागुंतीच्या मार्गाने पुन्हा साधावी लागली.

स्पर्शाचे कार्य : बहुतेक स्पर्शपटले विद्युत् धारितेच्या (विद्युत् भार साठविण्याच्या क्षमतेच्या) तत्त्वावर चालतात. काचेखाली इंडियम व कथिल यांच्या ऑक्साइडाचा, पारदर्शक परंतु विद्युत् संवाहक असा अतिशय पातळ लेप दिलेला असतो. मानवी शरीर संवाहक असल्याने बोट जवळ येताच त्या ठिकाणची धारिता बदलते. संवाहक रेषांच्या जाळ्यातील कोणत्या ठिकाणी बदल झाला हे मोजून मंडल स्पर्शाचे स्थान ठरविते. स्वस्त घड्याळांत असे जाळे नसते. काचेखाली एकच विद्युत् अग्र असते व ते केवळ ‘स्पर्श झाला’ एवढेच ओळखते. अशा घड्याळास ‘स्पर्शपटल’ म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही. ग्राहकाने हा भेद ध्यानात घेणे इष्ट ठरते.

या तत्त्वामुळेच स्पर्शपटलाच्या मर्यादाही ठरतात. पाणी, विशेषतः क्षारयुक्त घाम, संवाहक असल्याने काचेवरील थेंब बोटाप्रमाणेच धारिता बदलतो. परिणामी पावसात पटल आपोआप उजळते, भलतेच कार्य सुरू होते किंवा खरा स्पर्श ओळखला जात नाही. पोहण्यासाठी वापरावयाच्या घड्याळांत म्हणूनच पाण्यात शिरताना स्पर्श बंद करण्याची सोय ठेवावी लागते. साधे हातमोजे निरोधक असल्याने ते घातलेल्या बोटाचा परिणाम होत नाही. याखेरीज बोटाच्या टोकाच्या मानाने मनगटावरील पटल फार लहान असते. बोट ठेवले की वाचावयाचा मजकूरच झाकला जातो. यामुळे चांगल्या प्रतिमानांत स्पर्शाच्या जोडीला एकदोन खऱ्या कळा ठेवलेल्या असतात.

ऊर्जा : निरनिराळ्या पटलांच्या व्यावहारिक मूल्यमापनाची किल्ली त्यांच्या ऊर्जावापरात आहे. २० मिलिमीटर व्यासाच्या व १·६ मिलिमीटर जाडीच्या, नाण्याच्या आकाराच्या ३ व्होल्ट लिथियम घटाची क्षमता सु. ९० मिलिअँपिअर-तास असते. द्रव-स्फटिक घड्याळ या एका घटावर सात वर्षे चालते, याचा अर्थ ते सरासरीने अवघा दीड मायक्रोअँपिअर (अँपिअरच्या दशलक्षांशाच्या दीडपट) विद्युत् प्रवाह घेते. तेवढ्याच क्षमतेच्या घटावर प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांचे पटल चालविले व ते १० मिलिअँपिअर प्रवाह घेते असे मानले, तर घट सलग ९ तासांत संपेल. प्रत्येक वेळी दोन सेकंद याप्रमाणे दिवसातून ५० वेळा वेळ पाहिल्यास तो सु. अकरा महिने पुरेल. अंक कोरे ठेवण्यावाचून अशा घड्याळास गत्यंतर का नाही, हे या हिशेबावरून स्पष्ट होते.

संगणकीय घड्याळातील ३०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा व ३·८ व्होल्ट दाबाचा पुनर्भारणीय लिथियम-आयन घट एका दिवसात संपत असेल, तर ते घड्याळ सरासरीने सु. ४७ मिलिवॉट शक्ती वापरते. द्रव-स्फटिक घड्याळाच्या तुलनेने ही शक्ती सु. दहा हजार पट आहे. या वाढीव ऊर्जेच्या बदल्यात संदेश, नाडीमापन, स्थाननिश्चिती, पैसे चुकते करणे अशा अनेक सोयी मिळतात. तथापि दररोज किंवा दोनतीन दिवसांनी भारण करण्याचे बंधन पत्करावे लागते व प्रवासात, वीज खंडित असताना किंवा विसर पडल्यास घड्याळ वेळही दाखवू शकत नाही. बाह्य प्रकाश परावर्तित करणारे व आपले चित्र अल्प ऊर्जेत धरून ठेवणारे द्रव-स्फटिक स्पर्शपटल हा या दोहोंमधील मार्ग होय. त्यात रंगांची झळाळी कमी असली, तरी एका भारणात घड्याळ अनेक दिवस, काही प्रतिमानांत काही आठवडे चालते.

नित्य वापराच्या दृष्टीने परीक्षण : घड्याळाचा नित्य वापर म्हणजे दिवसातून अनेक वेळा, बहुधा दुसरे काही काम चालू असताना, क्षणमात्र पाहणे होय. या कसोटीवर स्पर्शाने उजळणारे घड्याळ कमी पडते. उपनगरी रेल्वेत एका हाताने कडी धरलेला व दुसऱ्या हातात पिशवी असलेला प्रवासी, दुचाकीस्वार किंवा कडेवर मूल घेतलेली स्त्री यांना दुसऱ्या हाताने काचेला स्पर्श करणे शक्य नसते. दुचाकीच्या मुठीवरील मनगट वळत नसल्याने मनगट उचलल्याचे ओळखणारी योजनाही तेथे निरुपयोगी ठरते. रुग्णाची नाडी मोजणाऱ्या परिचारिकेचे उदाहरण विशेष बोलके आहे. तिचा एक हात रुग्णाच्या मनगटावर असतो व अर्धा वा एक मिनिटभर सेकंद अखंड दिसणे तिला आवश्यक असते. दोन सेकंदांत विझणारे पटल तिच्या कामाचे नाही. उलट केवळ समारंभात वापरावयाच्या किंवा खिशातील दूरध्वनीवर वेळ पाहण्याची सवय असलेल्या व्यक्तीच्या घड्याळास ही कसोटी लावण्याचे कारण नाही.

अंकांचा आकार ही दुसरी महत्त्वाची बाब होय. चाळिशीनंतर जवळचे दिसण्यास त्रास होऊ लागतो. शोभेसाठी बारीक वा तुटक रेषांनी काढलेले, किंवा केवळ ठिपक्यांच्या संख्येवरून वेळ ओळखावयास लावणारे अंक अशा व्यक्तीस चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत. अंकीय घड्याळ नेमकी वेळ सांगते. ठरावीक वेळेस किती अवधी उरला आहे हे मात्र काट्यांच्या कोनावरून अधिक सहज कळते, असे अनेकांना वाटते.

पाण्यापासून संरक्षणाबाबत घड्याळाच्या पाठीवरील ‘३० मीटर’ या अक्षरांचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. हा आकडा स्थिर पाण्याच्या दाबाखालील चाचणीचा असून ३० मीटर खोल बुडी मारता येते असा त्याचा अर्थ नाही. असे घड्याळ हात धुताना उडणारे पाणी व हलका पाऊस एवढेच सहन करते. पोहण्यासाठी सामान्यतः १०० मीटर दर्शविलेले घड्याळ घेणे श्रेयस्कर असते. पाणी रोखणारे रबरी कडे काळानुसार कडक होते, म्हणून घट बदलताना तेही तपासावे लागते. गरम पाणी व साबण यांनी ते लवकर खराब होते. कोकणासारख्या दमट प्रदेशात फट पडलेल्या पेटीत बाष्प शिरून काचेच्या आतून दव धरते व मंडलाची हानी होते.

काचेची कठिनता मोस मापक्रमावर (खनिजांची सापेक्ष कठिनता दर्शविणाऱ्या १ ते १० या श्रेणीत) पाहतात. वाळू व धूळ यांतील क्वॉर्ट्‌झची कठिनता ७ असते व सामान्य खनिज काचेची त्याहून कमी असते. म्हणून अशा काचेवर धुळीने ओरखडे पडतात. कृत्रिम नीलमण्याच्या स्फटिकाची कठिनता ९ असल्याने त्यावर ते पडत नाहीत. मात्र तो महाग असतो व जोराच्या आघाताने तडकू शकतो. आरशासारख्या काळ्या दर्शनी भागावर ओरखडे व बोटांचे ठसे विशेष उठून दिसतात.

पट्ट्याखाली घाम साचून त्वचेचा दाह होण्याचा संभव असतो. पट्टा किंवा पाठीची चकती निकेलयुक्त मिश्रधातूची असल्यास काही व्यक्तींना त्याचे वावडे असते. नाण्याच्या आकाराचे लिथियम घट लहान मुलांनी गिळल्यास अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. म्हणून घटावरील झाकण स्क्रूने घट्ट बसविलेले असावे व जुना घट मुलांच्या हाती पडू देऊ नये. अनेक स्पर्धा परीक्षांच्या केंद्रांत इलेक्ट्रॉनीय घड्याळांना, काही ठिकाणी तर सर्वच घड्याळांना मनाई असते, ही गोष्टही विद्यार्थ्यासाठी घड्याळ घेताना लक्षात घ्यावी लागते.

घड्याळ विकत घेण्यापूर्वी त्याची परीक्षा पुढीलप्रमाणे करता येते : (१) दुकानाबाहेर उन्हात नेऊन अंक वाचून पाहावेत. (२) दुसरा हात न वापरता वेळ दिसते की नाही हे पाहावे. (३) काचेवर पाण्याचे दोनतीन थेंब ठेवून स्पर्श नीट ओळखला जातो का हे तपासावे. (४) घट घरच्या घरी किंवा गावातील कारागिराकडून बदलता येतो का, याची चौकशी करावी. (५) विकत घेतल्यावर ते प्रमाणवेळेशी जुळवून आठवड्याने फरक मोजावा. आठवड्यात ४ सेकंदांचा फरक म्हणजे महिन्यास सु. १७ सेकंद होय. यांपैकी पहिल्या तीन परीक्षांस काही मिनिटेच लागतात व घड्याळाच्या उपयुक्ततेविषयी बहुतेक सर्व काही त्यांतून कळते.

आयुर्मान व विल्हेवाट : चावीच्या घड्याळाचे सुटे भाग घासून, बदलून ते पिढ्यान् पिढ्या चालू ठेवता येते. द्रव-स्फटिक घड्याळ दुरुस्त होत नसले, तरी घट बदलून ते दीर्घकाळ वापरता येते. संगणकीय घड्याळाचे आयुष्य मात्र दोन बाजूंनी मर्यादित असते. त्यातील लिथियम-आयन घटाची क्षमता सु. ३०० ते ५०० पूर्ण भारणांनंतर मूळ क्षमतेच्या चार-पंचमांशापर्यंत उतरते. रोज भारण होणाऱ्या घड्याळात ही अवस्था एकदोन वर्षांतच येऊ लागते. पुष्कळ प्रतिमानांत काच डिंकाने चिकटविलेली असल्याने घट बदलणे अवघड व महाग पडते. शिवाय त्याचे कार्य निर्मात्या कंपनीने पुरविलेल्या आज्ञावलींवर व सेवांवर अवलंबून असते. ‘पेबल’ हे लोकप्रिय घड्याळ बनविणारी कंपनी २०१६ च्या अखेरीस बंद पडली व तिच्या मूळ सेवा जून २०१८ अखेर थांबल्या. यंत्र सुस्थितीत असूनही त्याच्या अनेक सोयी नाहीशा झाल्या.

टाकून दिलेल्या घड्याळातील घट घरच्या केरात मिसळल्यास चिरडून पेट घेऊ शकतात. भारतात इलेक्ट्रॉनीय कचरा व वापरलेले घट यांच्या व्यवस्थापनासाठी २०२२ मध्ये नवे नियम करण्यात आले असून त्यांनुसार ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. अल्पावधीत निकामी होणाऱ्या स्वस्त शोभेच्या घड्याळांच्या बाबतीत या नियमांचे महत्त्व विशेष आहे.

एकंदरीत, स्पर्शपटल घड्याळाची निवड करताना त्यातील सोयींची संख्या किंवा दर्शनी भागाची चमक यांपेक्षा, वेळ पाहण्यासाठी वापरणाऱ्यास काय करावे लागते हा प्रश्न प्रथम विचारणे युक्त ठरते. ज्याला आरोग्यमापन व संदेश यांचा खरोखर उपयोग आहे त्याला रोजच्या भारणाचे बंधन परवडते. ज्याला दागिन्याप्रमाणे अधूनमधून वापरावयाचे आहे त्याला कोरे राहणारे पटल खटकत नाही. केवळ वेळ पाहावयाची असेल, तर अखंड दिसणारे साधे द्रव-स्फटिक पटल किंवा काटे अद्यापि अधिक सोयीचे आहेत.